झाकलेलं बटण

१

"मॅडम, तुमचा माणूस चोर हाय. पाचपर्यंत वाट बघतो, मग पोलिसात देतो. नंतर म्हणू नका, सांगितलं न्हाई म्हणून."

शुक्रवारी सकाळी लातूरहून अण्णाराव सरांचा फोन आला, तेव्हा चहाचा पहिला घोटही माझ्या घशाखाली उतरला नव्हता. माझं नाव रुद्राणी. बारशाला आत्यानं पुढचं सगळं ओळखूनच हे नाव ठेवलं, असं आमच्या उदगीरच्या घरात म्हणतात. तरी मी आवाज न चढवता विचारलं, "काय चोरलं त्यानं?"

"पेपर! भूकंपाच्या परीक्षेचे समदे पेपर पुसून टाकले. काल दुपारी. सर्व्हरवर त्याचंच नाव दिसून राहिलंय."

नांदेडात माझं होस्टिंगचं ऑफिस आहे. लातूरचे क्लासवाले, भोकरचे बियाणंवाले, कंधारचे फोटोग्राफर, यांच्या वेबसाइटी ज्या सर्व्हरवर राहतात तो आम्ही सांभाळतो. वेबसाइट चालली तर मालकाची हुशारी, बंद पडली तर शिव्या आम्हाला. त्या शिव्या खायचं आणि सर्व्हर ताळ्यावर आणायचं काम माझ्याकडे अबुजर करतो. कंधारच्या निजामोद्दीन टेलरचा मुलगा. मागच्या उन्हाळ्यात एसटीत कुणाचं तरी ज्वारीचं पोतं त्याच्या लॅपटॉपवर पडलं, तेव्हापासून गडी सगळं फोनवर करतो. नवा घेऊन देते म्हटलं तर म्हणाला, "कशाला वझं, ताई? फोनवर समदं होतंय."

अण्णाराव सरांचा क्लास लातुरात मोठा. किल्लारीच्या भूकंपाला यंदा पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्तानं सरांनी भूकंपग्रस्त गावांतल्या मुलांसाठी परीक्षा ठेवली होती. पहिला येईल त्याला दोन वर्षं शिकवणी, राहणं, खाणं, सगळं मोफत. परीक्षा गेल्या रविवारी झाली. निकाल आज पाच वाजता सर्व्हरवरून आपोआप प्रत्येकाच्या फोनवर जायचा होता. त्यासाठी अबुजर आठवडाभर लातुरातच मुक्कामाला होता.

"आता परीक्षा रद्द," सर म्हणाले. "उद्या मुलाखती घेऊन मीच निवडतो. आन् त्या पोराचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकलाय. लोकांनी सावध राहायला पायजे का न्हाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुन्हा शाबीत व्हायचा होता, आणि फोटो गावभर फिरूनही आला होता.

२

लातूरच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि मी फोन काढला. आमच्या धंद्यात फायली पुसायच्या दोन वाटा आहेत, तेवढं आधी सांगते.

एक वाट अबुजरची. फोनवर काळा पडदा उघडायचा, हुकमाची एक ओळ टाइप करायची, फाइल कायमची गेली. दुसरी वाट पॅनेलची. पॅनेल म्हणजे वेबसाइटच्या फायली दाखवणारं पान. तिथं फाइल निवडायची, लाल 'डिलीट' बटण दाबायचं. पण पॅनेलवरून पुसलेली फाइल खरी जात नाही, कचरापेटी नावाच्या कप्प्यात पडून राहते. तो कप्पा वेगळा रिकामा करावा लागतो.

हे पॅनेल बनवणारी कंपनी बाहेरची. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात एक निळा गोळा चिकटवलाय, 'मदत हवी का?' लिहिलेला. कॉम्प्युटरवर तो बाजूला राहतो. फोनवर मात्र नेमका त्या लाल बटणावर ठाण मांडून बसतो. फोन उभा धरा, आडवा धरा, हलत नाही. लोक डिलीट करायला जातात आणि मदत उघडते. दोन वर्षं मी त्या कंपनीशी भांडतेय. मदतीनंच नाकी नऊ आणायचे म्हणजे काय!

अहमदपूरच्या आसपास रेंज आली आणि मी कचरापेटी उघडली.

परीक्षेचे सगळे पेपर त्यात होते. एकूण एक.

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. फायली जिवंत होत्या. त्या परत जागेवर ठेवणं माझ्या बोटाचं काम होतं. पण तेवढ्यानं अबुजर सुटला नसता. अण्णाराव म्हणाले असते, भ्याला म्हणून परत ठेवल्या. पुसणारा सापडायला हवा होता, आणि तोवर फायली जिवंत आहेत हे कुणाला कळायला नको होतं.

३

क्लासच्या व्हरांड्यात अबुजर बाकावर बसला होता. बाजूला वॉचमन. जाणारी-येणारी मुलं त्याच्याकडे बघून आपल्या फोनकडे बघत होती, मग पुन्हा त्याच्याकडे. त्याचा चेहरा मीठ चोळल्यासारखा झाला होता.

"ताई, मी..."

"गप बस," मी म्हटलं. राग त्याच्यावर नव्हता, पण आवाजाला ते कळत नव्हतं.

केबिनमध्ये अण्णाराव सर ऐसपैस बसले होते. पाठीमागे भिंतभर फोटो, दरवर्षीच्या गुणवंतांचे. खुर्चीतून उठले नाहीत. "भूकंपात माझं घर गेलं, मॅडम. चुलता गेला. त्या लेकरांसाठी मी काय करून राहिलो, आन् तुमचा माणूस..." डोळ्यांत पाणी आणून ते थांबले. हे पाणी मी त्यांच्या प्रत्येक भाषणात पाहिलं आहे.

"सर, त्यानंच पुसलं कशावरून?"

"नाव त्याचं. आन् मी सोता बघितलं की." ते पुढे झुकले. "काल दुपारी हितंच बाकावर बसून फोनवर बोटं चालवत हुता. मी मागनं गेलो. फायली निवडल्या, लाल बटण दाबलं, डिलीट. माझ्या डोळ्यांदेखत. मला तवा काय कळणार? रातच्याला कळलं."

"फोनवर लाल बटण दाबताना पाहिलं?"

"हाव. पोलिसात द्यायच्या अर्जात बी तेच लिहिलंय."

त्यांनी टाइप केलेला अर्ज माझ्यापुढे सरकवला. खाली सही होती, झोकदार. मी तो वाचला आणि मान डोलावली.

माणूस खोटं बोलत होता. पण खोटं बोलणारा आणि पुसणारा एकच असतो असं नाही. भाच्याला वाचवायला मामाही खोटं बोलतो, आणि क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणारा हरिओम हा त्यांचा सख्खा भाचा होता.

४

मी अबुजरला जिन्याखाली घेतलं.

"खरं सांग. सर्व्हरवर तुझ्या नावानं पॅनेल उघडलंय. क्लासच्याच इंटरनेटवरून. तू क्लासच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलंस का?"

"न्हाई, ताई."

"अबुजर!"

त्यानं मान खाली घातली. ऑफिसात माझा एकच कडक नियम आहे, गिऱ्हाइकाच्या मशीनवर आपलं लॉगिन टाकायचं नाही. हे त्याला पाठ होतं म्हणूनच तो सकाळपासून घुटमळत होता.

"मंगळवारी," तो म्हणाला. "हरिओमनं तक्रार टाकली हुती, जुने फोटो लई झालेत, पुसून द्या. नव्यात मिसळलेले, काळ्या पडद्यावर एकेक नाव टाइप करायचं म्हंजे दिवस गेला असता. पॅनेलवर निवडून पुसावं म्हटलं, तर फोनवर तो निळा गोळा. म्हून काउंटरवरच्या आरतीच्या कॉम्प्युटरवर बसलो. पाच मिन्टाचं काम."

"आणि लॉगआऊट केलंस?"

खरोखर आठवत होता बिचारा. "खिडकी बारीक केली की."

मला कपाळावर हात मारावासा वाटला, आणि मी मारलाही. फोनवर दिवस काढणारा माणूस लॉगआऊट करतच नाही. बोटानं पडदा बाजूला सारतो आणि काम झालं म्हणतो. फोन त्याच्या खिशात असतो, त्यामुळे बिघडत काही नाही. काउंटरचा कॉम्प्युटर मात्र कुणाच्या खिशात नसतो. त्याच्यावर मुलांची हजेरी चालते, म्हणून तो कधी बंदही होत नाही. मंगळवारपासून त्याच्यावर अबुजरच्या नावानं दार सताड उघडं होतं.

"कचरापेटीचं काय केलंस? फोटो पुसल्यावर?"

"ती बाहेर चहा पिताना फोनवरनं रिकामी केली. काळ्या पडद्यावर ती एका ओळीत रिकामी होतीय."

"म्हणजे काउंटरवर तू फक्त निवडलंस आणि लाल बटण दाबलंस. कचरापेटी तिथं उघडलीच नाहीस?"

"न्हाई. का, ताई?"

माझं डोकं आता चालायला लागलं होतं.

५

हरिओम सर्व्हर रूम म्हणवल्या जाणाऱ्या अडगळीत सापडला. मला बघून त्यानं हातातला वडापाव ठेवून दिला.

"मॅडम, मी काय केलं न्हाई. माझं सोताचं लॉगिन हाय की, अबुजरचं कशाला वापरू?"

"आपलं नाव पुढे येऊ नये म्हणून माणूस दुसऱ्याचं वापरतो."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. काहीतरी गिळत होता, आणि तो वडापाव नव्हता. मी सरळ विचारलं, "मागच्या महिन्यात फी-पावत्यांची फाइल चुकून पुसलीस, तेव्हा आमच्याकडे तक्रार केली होतीस. काय सांगितलं होतं अबुजरनं?"

"कचरापेटीतनं काढा म्हणाला. काढली की. त्याच्या आधी बी एकदा काढली हुती."

म्हणजे कचरापेटी त्याला पक्की ठाऊक होती. पुरावा मिटवायला निघालेला हरिओम ती भरलेली सोडून गेला नसता. अबुजरचंही तेच. त्याला तर पॅनेलची गरजच नव्हती, बाकावर बसून एका ओळीत त्यानं पेपरांचा अख्खा कप्पा कायमचा उडवला असता. पुसणाऱ्याला फक्त 'निवडा आणि लाल बटण दाबा' एवढंच येत होतं.

काउंटरवर आरती रडवेली होऊन बसली होती. ती फोन घ्यायची, हजेरी बघायची. कॉम्प्युटरचं तिला तेवढंच येत होतं.

"मॅडम, माझी नोकरी जाईल. अबुजरला मीच बसू दिलं मंगळवारी."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी हुते. सर बी आले मधीच. मागं उभं राहून बघत हुते त्यो कसं पुसतोय ते. म्हणाले, भारीच सोपं हाय की हे!"

"आणि काल दुपारी तू इथंच होतीस?"

"न्हाई, सरांनी मला फ्लेक्सवाल्याकडं धाडलं, तयार फ्लेक्स आणायला. शिपायानं जायचं काम, पण म्हणाले तूच जा. यीपर्यंत काउंटरवर मी बसतो म्हणाले. ह्यो काय, गुंडाळलेलाच हाय. उघडू नको म्हणालेत."

ती नको नको म्हणेपर्यंत मी दोरी सोडली. फ्लेक्स फरशीवर पसरला. एका बाजूला अण्णाराव सर हात जोडून. मधोमध स्टुडिओत काढलेला एका गुबगुबीत मुलाचा फोटो. वर भलीमोठी अक्षरं: 'भूकंपग्रस्त गावांतून प्रथम! रेवणसिद्धचे हार्दिक अभिनंदन!'

निकाल लागायचा होता, पेपर पुसले जायचे होते, आणि त्याआधीच पहिला नंबर छापून तयार होता.

"हे तर आपल्या इमारतीच्या मालकाचं पोरगं," आरती कुजबुजली. "भूकंप कुठं आन् हे कुठं, मॅडम? हे तर लातुरातच जल्मलंय."

६

पाचाला थोडा अवकाश होता. मी अबुजर, हरिओम, आरती तिघांना घेऊन केबिनमध्ये शिरले. परवानगी विचारली नाही.

"सर, तुम्ही अबुजरला फोनवर लाल बटण दाबताना पाहिलंत."

"कितीदा सांगू?"

मी अबुजरचा फोन घेतला, पॅनेल उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. "दाखवा कुठं आहे ते."

त्यांनी चष्मा लावला. बोट फिरवलं. फोन आडवा केला, उभा केला. मग बोट टेकवलं आणि पडद्यावर उघडलं, 'नमस्कार! आम्ही तुम्हाला काय मदत करू शकतो?'

"फोनवर ते बटण दिसतच नाही, सर. दोन वर्षं दिसत नाही. ते फक्त कॉम्प्युटरवर दिसतं. तुम्ही ते मंगळवारी आरतीच्या काउंटरवर पाहिलंत, अबुजरच्या मागे उभं राहून. आणि काल आरतीला फ्लेक्सला पाठवून स्वतः दाबलंत. वर अबुजरचं नाव दिसत होतं, म्हणजे बळीचा बकराही आयता मिळाला."

"तोंड सांभाळून बोला!"

"एवढंच चुकलं, की पुसलेलं कचरापेटीत जातं हे तुम्हाला माहीत नव्हतं. या खोलीत ते कळणारे दोघं, अबुजर आणि हरिओम. कळत नाही असे दोघं, आरती आणि तुम्ही. आरती फ्लेक्सवाल्याकडे होती. उरलं कोण?"

अण्णाराव सर हरिओमकडे वळले. बहुधा मदतीच्या आशेनं. पण भाच्याच्या तोंडात सकाळपासून अडकलेलं आता बाहेर पडलं.

"मामा, तुम्हीच काल सकाळी इचारलं नव्हं का, मार्क बदलता येत्यात का म्हून? मी न्हाई म्हणालो. एकदा पेपर जमा झाला की न्हाई बदलता येत." तो माझ्याकडे वळला. "पहिली एक पोरगी आलीय, मॅडम. रत्नम्मा. निलंग्याकडच्या पुनर्वसित गावातली. मालकाचं पोरगं लई खाली हाय."

चोराच्या उलट्या बोंबा मी आयुष्यात पुष्कळ ऐकल्या, पण भूकंपात मेलेल्यांच्या नावावर इमारतीच्या मालकाला खूश करायचं, आणि त्यापायी एका गरीब पोराला तुरुंगात घालायचं, हे माझ्या रागालाही नवीन होतं.

सरांनी चष्मा काढला. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "बसा, मॅडम," ते एकदम गोड झाले. "वाढवायचं कशाला? मी अर्ज फाडतो. आपण म्हणू, सर्व्हरची तांत्रिक चूक झाली. तुमच्या माणसाचं नाव सुटलं, माझं बी राहिलं. क्लासचं काम तुमच्याकडंच राहील."

मी अबुजरकडे पाहिलं. त्याच्या जिवाला लागलेलं लचांड एका शब्दात सुटत होतं. तो हो म्हणाला असता तर मी त्याला बोल लावला नसता.

"न्हाई, सर," तो म्हणाला. "चूक माझी हुती, मी खिडकी उघडी ठेवली. त्याबद्दल ताई मला काय बोलायचं ते बोलतील. तुम्ही केलं ती चूक न्हाई."

त्यानं सरांच्या हातातून आपला फोन घेतला आणि काळा पडदा उघडला.

"ए, काय करतोस?"

"तुमची तक्रार सोडवतोय," मी म्हटलं. "सकाळी तुम्हीच केली होती ना, फायली गेल्या म्हणून? गिऱ्हाइकाच्या फायली परत आणून देणं आमचं काम आहे."

अबुजरची बोटं चालली. एक ओळ, मग आणखी एक. फायली आपल्या जागी गेल्या. पाच वाजता सर्व्हरनं ठरल्याप्रमाणे निकाल लावला आणि पोरापोरांच्या फोनवर धाडून दिला.

काउंटरचा फोन वाजला. आरती धावत गेली, तिच्यामागे आम्ही सगळे, आणि तिनं तो सरळ स्पीकरवर टाकला. पलीकडे एक म्हातारा, घाबरलेला आवाज होता. "मी गुणाबाई बोलतेय, रत्नम्माची आज्जी. पोरगी म्हणतीय पयला नंबर आला. खरं हाय का हो, सर?"

मुलांना न्यायला आलेले पालक दारात जमले होते. अण्णाराव सरांनी सगळ्यांकडे पाहिलं, सुटायला जागा शोधली, आणि म्हणाले, "हाव. खरं हाय."

सहीचा अर्ज मी पर्समध्ये घातला. पुढे कधी त्यांना शब्द फिरवावासा वाटला, तर खोटी साक्ष त्यांच्याच सहीनं माझ्याकडे होती. मग मी समोर उभी राहिले आणि पालकांच्या ग्रुपवर त्यांच्याच हातानं लिहून घेतलं, की अबुजरनं काहीही केलेलं नाही.

७

स्टँडवर नांदेडची गाडी लागायची होती. अबुजर माझ्या शेजारी बाकावर बसला. मला वाटलं होतं गडी खूश असेल. तो फोनकडे बघत होता.

त्याचा फोटो कंधारच्या तीन ग्रुपवर पोहोचला होता. खाली लिहिलं होतं, 'सर्व्हर चोर, सावधान.' सरांचा खुलासा त्यांच्या पालकांच्या ग्रुपपुरता राहिला, फोटो मात्र कंधारला जाऊन निजामोद्दीनभाईंच्या दुकानातसुद्धा दाखवला गेला होता. अब्बा फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "जेवून घे." कुणाकुणाला मी पकडून सांगू? माझा राग आता कुणा एकावर ठरत नव्हता. ज्यानं फोटो टाकला तो एक होता, ज्यांनी पुढे ढकलला त्यांना मोजायचं कुठं?

तेवढ्यात फोन थरथरला. भोकरच्या बियाणंवाल्याची तक्रार, वेबसाइट उघडत नाही. अबुजरनं लिहायला घेतलं, "नमस्कार, मी अबुजर बोलतोय." नाव लिहिलं, पुसलं. मग पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

पलीकडून लगेच उत्तर आलं, "दुसरं कोणी न्हाई का तुमच्याकडं?"

त्यानं फोन माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला. मी त्याच्या हातातून तो ओढून घेतला. रागाच्या भरात दोनदा अक्षरं चुकली. तरी मी लिहिलं.

"न्हाई. मी मालकीण रुद्राणी बोलतेय. तुमचा सर्व्हर हाच बघणार."

फोन त्याला परत दिला. "कर काम," मी म्हटलं. "माणूस ताटकळलाय."

त्यानं काळा पडदा उघडला.